परत न आलेली शिडी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. काकूंनी ही म्हण लहानपणापासून ऐकली होती. पण त्यांचा धंदाच पायऱ्यांचा असल्यामुळे त्यांना ती कधी पटली नव्हती. लाकूड सुकलेलं असेल, खाली रबर असेल आणि चढणाऱ्याच्या पायात धड चपला असतील, तर जगातली कुठलीही पायरी चढायला हरकत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

काकू शिड्या बनवत. घरगुती, घडीच्या, लाकडी शिड्या. दुसरं काही नाही. कारखाना म्हणजे एक लांबट शेड. एका टोकाला करवत, दुसऱ्या टोकाला सरस तापवायची शेगडी, मधे मिस्तरी आणि त्यांच्या हाताखालची चार माणसं, आणि भिंतीला टेकून घडी मिटून उभ्या असलेल्या शिड्या. लग्न होऊन आल्या तेव्हा हा कारखाना यजमानांचा होता. यजमान सज्जन, हाताने कुशल, उजव्या हाताची करंगळी करवतीला वाहिलेले, आणि उंचीला घाबरणारे. शिडीवाल्याने उंचीला घाबरावं म्हणजे नावाड्याने पाण्याला घाबरण्यासारखं होतं, पण त्यांनी ते कधी लपवलं नाही. तयार शिडी तपासायला ते दुसऱ्या पायरीपर्यंत जात, एक हात भिंतीला लावत आणि डोळे मिटून म्हणत, "उत्तम झालीय."

नवऱ्याची ही अवस्था बघून काकूंनी एक दिवस शिडीच्या माथ्यावर धनुष्यासारखी वाकवलेली एक पट्टी बसवली. वरच्या पायरीवर उभं राहिलं की ती नेमकी गुडघ्यांच्या खाली लागे. गुडघे टेकले की हात मोकळे आणि जीव थाऱ्यावर. यजमान त्या शिडीवर थेट वरपर्यंत चढले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने शेडमधला दिवा बदलला. आधीचा दिवा चांगला होता. पण अशा वेळी माणसाला थांबवू नये.

तेव्हापासून काकूंच्या प्रत्येक शिडीला ही गुडघापट्टी असे, आणि लोक शिडी घ्यायचे ती पट्टीसाठी.

कारखान्याची आणखी एक रीत होती, तीही काकूंचीच. जुनी शिडी आणा, नवी स्वस्तात न्या. आलेली जुनी शिडी मिस्तरी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत करवतीवर घालत आणि तुकडे सरसाच्या शेगडीत जात. "जुन्या शिडीवरून माणूस पडला की लोक शिडीला नावं ठेवत नाहीत," काकू म्हणायच्या, "शिडीवाल्याला ठेवतात." यजमान गेल्यावर धंदा काकूंनी एकटीने वाढवला, पण ही रीत मोडली नाही. बाजारात आपली एकही म्हातारी शिडी फिरत नाही, याचा त्यांना अभिमान होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे कळायला मात्र कोर्टातून कागद यावा लागला.

कागद एका मोठ्या कंपनीचा होता. ही कंपनी न्हाणीघरातल्या पडद्यापासून बागेतल्या खुर्चीपर्यंत सगळं विकत असे, आणि आता तिने शिडीत लक्ष घातलं होतं. कागदात म्हटलं होतं की, कंपनीच्या संशोधन विभागाने प्रदीर्घ परिश्रमांती शिडीला गुडघ्याचा आधार देणारा एक अभिनव आकार शोधून काढला आहे, तो सरकारदरबारी स्वतःच्या नावाने नोंदवला आहे, आणि काकू त्याची नक्कल करत आहेत. सबब त्यांनी अशा शिड्या बनवणं कायमचं बंद करावं, म्हणून हा दावा.

मिस्तरींनी कागद दोनदा वाचून घेतला. "म्हणजे आपण आपली नक्कल करतोय?"

"असं त्यांचं म्हणणं आहे."

"चोर तर चोर, वर शिरजोर. मग काकू, आता?"

"आता काय? चढायचं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पायातल्या चपला बदलल्या.

वकीलबाईंचं ऑफिस एका लाँड्रीच्या वर होतं. खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि दोन्हींवर फायली बसल्या होत्या, त्यामुळे अशील उभं राही आणि काम लवकर आटपे. वकीलबाई वयाने काकूंच्या लेकीएवढ्या, तोंडात कायम लवंग, आणि बोलणं मोजून मापून.

"काकू, धंद्याचा दावा कसा चालतो ते आधी समजून घ्या. त्यांनी सांगितलं, आपण नाकारायचं. मग दोघांनी पुरावे द्यायचे. मग साक्षीदार. ज्याचा साक्षीदार त्याने आधी विचारायचं, मग समोरच्याने उलटतपास घ्यायचा. मग न्यायाधीश निकाल लिहितात."

"एवढंच? मग लोक म्हातारे का होतात?"

"मधे तारखा असतात."

काकूंनी मान डोलावली. सरस वाळायलाही वेळ लागतो. घाई केली की सांधा उकलतो.

"आपल्या उत्तराला कैफियत म्हणतात," वकीलबाई म्हणाल्या. "त्यात एक लक्षात ठेवायचं. त्यांची जी गोष्ट आपण नाकारणार नाही, ती आपल्याला मान्य आहे असं धरतात."

हा नियम काकूंना फार आवडला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचं सगळं मान्य करण्यात गेली होती. पुढची संपूर्ण दुपार त्या फायलींना टेकून उभ्या राहिल्या आणि वकीलबाईंनी एकेक परिच्छेद वाचला की म्हणाल्या, "नाकारा." कंपनीला संशोधन विभाग आहे, नाकारा. त्याने परिश्रम केले, नाकारा. ते प्रदीर्घ होते, तेही नाकारा.

"वादी कंपनीचं ऑफिस बंदराजवळच्या इमारतीत सातव्या मजल्यावर आहे," वकीलबाईंनी वाचलं.

"नाकारा."

"काकू, ते खरंच आहे तिथे."

"असेल. पण मी मान्य का करू?"

पहिल्या तारखेला कंपनीचे वकील आले. उंच, गुळगुळीत, आवाज असा की ऐकणाऱ्याला आपणच कर्जदार असल्यासारखं वाटावं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत काकूंनी पट्टीची शिडी बनवता कामा नये, असा तूर्तातूर्त मनाईचा हुकूम त्यांनी मागितला. नोंदणीचा कागद त्यांच्याकडे होता. काकूंकडे काय होतं? मत होतं. न्यायाधीशांनी हुकूम दिला.

त्यानंतरच्या महिन्यांत शेडमध्ये बिनपट्टीच्या शिड्या बनल्या. गिऱ्हाईक येई, माथ्याकडे बघे, विचारी, "काकू, ते गुडघ्याचं कुठे गेलं?" आणि "कोर्टात" हे उत्तर ऐकून हळूच निघून जाई. हाताखालच्या चौघांपैकी दोघांनी दुसरीकडे काम धरलं. मिस्तरी रोज सकाळी पट्टी वाकवायचा साचा पुसत आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवत. घरचं झालं थोडं म्हणून की काय, रात्रंदिवस जाहिराती सुरू झाल्या. एक हसरी बाई कंपनीच्या शिडीवर उभी राहून पडदे लावत होती आणि तिचे गुडघे काकूंच्या पट्टीला टेकले होते.

मग तडजोडीचं बोलणं निघालं. कंपनीच्या माणसाने काकूंना सातव्या मजल्यावर बोलावलं, म्हणजे ऑफिस खरंच तिथे होतं. त्याने फार प्रेमाने सांगितलं की, कंपनीचं मन मोठं आहे. काकूंनी खुशाल पट्टीची शिडी बनवावी, कंपनीच्या परवानगीने. फक्त शिडीवर नाव कंपनीचं राहील.

"म्हणजे माझ्या गुडघ्यांसाठी मी तुमची परवानगी मागू?"

"काकू, व्यवहार बघा. लढून काय मिळणार?"

"माझी शिडी," काकू म्हणाल्या. "माझ्या यजमानांना वर चढवायला मी ती केली. तुमच्या नावाने ती बनवायची, तर मी बिनपट्टीच्या बनवून उपाशी मरेन. लिफ्ट कुठे आहे? नाही, राहू द्या. जिन्यानेच जाते."

खाली वकीलबाई वाट बघत होत्या. "नाही म्हणालात ना?"

"म्हणाले."

"बरं केलंत. आता मात्र खरं सांगते. नुसतं नाकारून भागणार नाही. कंपनीने आकार नोंदवला, त्याच्या आधीपासून तो लोकांत होता, हे आपण सिद्ध केलं, तर त्यांची नोंदणी रद्द होते. जुनी बिलं?"

"बिलावर लिहितो, शिडी एक."

"फोटो?"

"शिडीचा फोटो कोण काढतं? शिडीवर चढलेल्याचा काढतात. तोही पडला तर."

"तुमचे कामगार तुमच्याच बाजूने बोलणार. उंदराला मांजर साक्ष, असं तो वकील म्हणेल. परवा एका जुन्या गिऱ्हाइकाला भेटले. तो म्हणाला, पट्टी होती हे चांगलं आठवतं. अजून थोडं आठवल्यावर म्हणाला, ती खुर्ची होती. मला वस्तू हवी, काकू. नोंदणीच्या आधीची एक शिडी. एक तरी असेलच की कुणाकडे."

काकूंना सरसाची शेगडी आठवली. शहरभर, गावोगाव, जिथे जिथे जुनी शिडी होती तिथून ती त्यांनी शोधून, गोड बोलून, पदरचा तोटा सोसून परत आणली होती आणि कापली होती. दुसऱ्या कुणी एवढ्या चिकाटीने स्वतःविरुद्ध पुरावा नष्ट केला नसेल.

त्या शेडवर परतल्या आणि मिस्तरींना हे सांगितलं. मिस्तरींनी टेबलावरचा भुसा हाताने एका बाजूला केला, मग दुसऱ्या बाजूला केला.

"एक आहे की," ते म्हणाले.

शेडमधली करवत थांबली. कारण कोणती, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिचं नाव काढायला तिथे बंदी होती.

यजमानांचे धाकटे भाऊ, म्हणजे काकूंचे दीर, त्यांनी आपल्या लेकीच्या लग्नाआधी घर रंगवायला एक शिडी नेली होती. दिली होती यजमानांनी. रंग झाला, लग्नाचा दिवस आला, मधल्या काळात यजमान गेले, शिडी मात्र आली नाही. विचारलं तर दीर म्हणत, "कसली शिडी? परत केली की." त्या लग्नात काकूंच्या हाती माइक देण्यात आला, नवरानवरीला चार शब्द आशीर्वादाचे बोलण्यासाठी. काकू म्हणाल्या, "सुखाने नांदा. दोघांनी एकमेकांशी खरं बोला. आणि मुलीच्या वडलांनी आमची शिडी परत करावी." लग्नाचा व्हिडिओ आजही दिरांच्या घरात आहे. त्यात काकू माइक हातात घेतात आणि एकदम आइस्क्रीम येतं.

तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. ती नवरी आता स्वतःच्या मुलांना शाळेत पोचवत होती.

"मी जाणार नाही त्यांच्या दारात," काकू म्हणाल्या.

मिस्तरींनी कोपऱ्यातला साचा घेतला आणि पुसायला सुरुवात केली. आज सकाळी तो पुसून झाला होता.

"बरं, जाते," काकू म्हणाल्या.

दार जाऊबाईंनी उघडलं आणि "अगं बाई, ताई!" म्हणून त्या तिथेच उभ्या राहिल्या. दीर आत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली केलं, वहिनींना पाहिलं आणि पुन्हा वर केलं.

"भावोजी, शिडी हवी होती."

"कसली शिडी?"

"तुमच्याकडे नाही ती."

"मग नाही ती कशी देऊ? मी परत केली."

"भावोजी, मी भांडायला आले नाही. कंपनीने दावा लावलाय. ती शिडी कोर्टात दाखवली नाही, तर तुमच्या दादांच्या कारखान्यात पुन्हा पट्टीची शिडी बनणार नाही. कधीच."

वर्तमानपत्र थोडं हललं. "वहिनी, तुम्ही माझी अब्रू माइकवरून काढलीत. आता मी चारचौघांत येऊन सांगू की हो, मी शिडीचोर? सोयरे काय म्हणतील?"

"ते आत्ताही म्हणतातच."

"वहिनी!"

"चुकलं," काकू म्हणाल्या. हा शब्द त्यांनी बऱ्याच वर्षांत वापरला नव्हता, त्यामुळे तो जरा करकरत निघाला. "माइकवरून बोलायला नको होतं. चुकलं माझं. पण शिडी हवी."

वर्तमानपत्राचं पान उलटलं. काकू निघाल्या. फाटकापर्यंत पोचवायला आलेल्या जाऊबाईंनी मागे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हटलं, "ताई, माळ्यावर चढायला रोज तीच तर लागते. साठी उलटली, गुडघे दुखतात, पण पडले नाही कधी. पट्टी आहे ना." मग घाईघाईने, "मी सांगितलं म्हणू नका हं."

काकूंनी जाऊबाईंचं नाव घेतलं नाही. त्यांनी फक्त वकीलबाईंना सांगितलं, आणि वकीलबाईंनी कोर्टाकडून दिरांच्या नावाने समन्स काढलं : साक्षीला यावं, आणि माळ्यावर चढायची शिडी सोबत आणावी.

तारखेच्या दिवशी दीर आले. कोट घातला होता, दाढी गुळगुळीत होती, आणि खांद्यावर जुन्या पडद्यात गुंडाळलेली, आजारी माणसासारखी अलगद धरलेली शिडी होती. कोर्टाच्या व्हरांड्यात काकू समोर आल्या.

"माळ्याचं कसं कळलं तुम्हाला?" दीर म्हणाले.

"घर आहे तिथे माळा असतो."

"आणायला सांगितली म्हणून आणली. कुणाची आहे ते मी सांगणार नाही."

"शपथ घेतात तिथे, भावोजी."

"माहितीय मला!"

पडदा काढला आणि घडी उघडून शिडी न्यायाधीशांसमोर उभी केली. काळपटलेली, रंगाचे शिंतोडे उडालेली, माथ्यावर धनुष्यासारखी पट्टी. कंपनीच्या वकिलांच्या चेहऱ्यावरचा गुळगुळीतपणा क्षणभर गेला आणि लगेच परत आला. कारकुनाने तिला पुराव्याच्या निशाणीचं लेबल चिकटवलं. काकूंनी इतक्या वर्षांनी ती पाहिली, आणि सवयीने पहिल्यांदा त्यांची नजर गेली ती पायातल्या रबरांकडे. रबरं नवी होती. कुणीतरी वेळोवेळी बदलली होती.

दिरांनी शपथ घेतली. वकीलबाईंनी सुरुवात केली.

"ही शिडी कुठली?"

"घरची."

"घरात कुठून आली?"

"दारातून."

"तुमच्या वहिनींनी तुम्हाला ती दिली होती का?"

"वहिनींनी मला काही दिलेलं नाही."

"मग कोणी दिली?"

दिरांनी छताकडे बघितलं. "आठवत नाही."

वकीलबाईंनी काकूंकडे बघितलं, लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि त्या खाली बसल्या. स्वतःच्या साक्षीदाराला यापेक्षा जास्त दाबता येत नाही. काकूंना वाटलं, संपलं. मिस्तरींचा साचा फडक्यातच राहणार. त्यांनी पदर सारखा केला आणि ताठ बसल्या. शिडी मोडली तरी चढणाऱ्याने वाकू नये.

कंपनीचे वकील उलटतपासाला उठले तेव्हा त्यांच्या चालण्यात लाडूच वाटायचे बाकी होते.

"तुमचं आणि प्रतिवादी बाईंचं काही वर्षांपूर्वी एका शिडीवरून भांडण झालं होतं, असं ऐकतो. त्या म्हणायच्या, तुम्ही शिडी नेली. तुम्ही काय म्हणायचात?"

"मी म्हणायचो, माझ्याकडे त्यांची शिडी नाही."

"तेच खरं आहे ना?"

दिरांनी घसा साफ केला. एवढी वर्षं ज्या वाक्याने त्यांची अब्रू तोलून धरली होती, ते वाक्य एक मोठा वकील चांदीच्या ताटात घालून त्यांच्यापुढे धरत होता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. भरकोर्टात, शपथेवर, कायमचं शाबीत : शिडी नेली नाही. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. दिरांनी नजर वळवली.

वकिलांनी मौनाला होकार धरलं आणि पुढे रेटलं. इथे थांबले असते तर जिंकले असते. पण चांगला वकील आणि चांगला जेवणारा यांना शेवटचा घास आवरत नाही. "तर मग मी असं म्हणतो की, ही शिडी अलीकडे बनवलेली आहे. मुद्दाम काळी केली, रंग शिंपडला आणि तुमच्याकडे आणून ठेवली. तुमच्या मरण पावलेल्या भावाचा या शिडीशी काडीचा संबंध नाही. त्यांचा हातसुद्धा हिला कधी लागलेला नाही. बरोबर?"

"काय म्हणालात?"

"तुमच्या भावाचा हात—"

"दादाचा हात लागला नाही?" दीर साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून खाली उतरले. कुणी अडवायच्या आत ते शिडीपाशी पोचले. "या इकडे. या ना! वरच्या पायरीच्या खालच्या बाजूला हात घाला. लावा बोटं. काय लागतंय?"

वकिलांनी न्यायाधीशांकडे बघितलं. न्यायाधीशांनाही उत्सुकता होती. त्यांनी मानेने खूण केली. वकिलांनी नाइलाजाने हात घातला.

"खाचा आहेत."

"किती?"

"तीन."

"तुमची बोटं बसतात?"

वकिलांनी खालीवर करून पाहिलं. अंगठा बाहेर ठेवून त्यांची चार बोटं होती आणि खाचा तीन. त्यांची करंगळी उरली, आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

"दादाला करंगळी नव्हती," दीर म्हणाले. "पट्टी लावलेली ही पहिली शिडी. पट्टी वहिनींनी केली, पण तरीही भीती वाटली तर धरायला म्हणून दादाने स्वतःच्या हाताच्या मापाने या खाचा कोरल्या. मी शेजारी उभा होतो. हिच्यावर चढून त्याने दिवा बदलला. आणि तुम्ही म्हणता त्याचा हात लागला नाही?"

काकूंना खाचा माहीत नव्हत्या. त्या दिवशी यजमान न घाबरता चढले, असं त्या आजवर समजत होत्या.

"म्हणजे शिडी तुम्ही नेली होती," न्यायाधीश म्हणाले.

"नेली साहेब. लेकीच्या लग्नाआधी, रंग द्यायला. दादाकडून मागून नेली."

"याला आणखी कुणी साक्षी?"

"वहिनींनी लग्नात माइकवरून शिडी मागितली, तेव्हा हॉल भरला होता. सगळ्यांना पाठ आहे. बोलवू?"

"नको," न्यायाधीश घाईने म्हणाले.

कंपनीचे वकील सावरले. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही खोटं बोलत होता. मग आज कशावरून खरं?"

"तेव्हा घरात बोलत होतो. इथे शपथ आहे."

"परत का केली नाही?"

दीर पहिल्यांदाच काकूंकडे वळले. "परत केली असती तर वहिनींनी कापली असती. सगळ्या कापल्या त्यांनी. दादा गेल्यावर दादाच्या हातच्या सगळ्या. त्यांचा नियम आहे. म्हटलं, ही एक राहू दे. आणि नेली म्हणून कबूल केलं असतं, तर द्यावी लागली असती." ते टंकलेखकाकडे वळले. "आजही देणार नाही. लिहून घ्या."

टंकलेखकाने ते लिहून घेतलं. काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. तो मघाशीही स्वच्छ होता.

निकाल यायला पुढे बरेच दिवस लागले. मधे तारखा होत्या. एकदा कंपनीच्या वकिलांना ताप आला, एकदा कोर्टाचा पंखा बिघडला. काकू प्रत्येक तारखेला जाऊन पहिल्या बाकावर बसल्या. शेवटी एका सकाळी न्यायाधीशांनी वाचायला सुरुवात केली.

"जिंकलो का?" काकूंनी दर पानाला विचारलं.

"थांबा हो," वकीलबाई म्हणत राहिल्या. मग त्यांनी लवंग गिळली. "जिंकलो."

निकालात बरंच काही होतं. त्याचं सार असं की, साक्षीदार प्रतिवादींचा नातलग असला तरी त्यांच्यातलं वैर इतकं जुनं आणि जाहीर आहे, की तो त्यांच्या बाजूने खोटं बोलेल हे संभवत नाही. शिडी नोंदणीच्या फार आधीची आहे. आणि माणसाला गुडघे असतात हा वादींचा शोध नाही. नोंदणी रद्द, दावा रद्द, मनाई उठली.

"ते अपील करतील," वकीलबाई म्हणाल्या.

"करू देत. पुन्हा नाकारू."

शेडवर फोन गेला. काकूंचं वाक्य पुरं व्हायच्या आत पलीकडून करवतीचा आवाज आला.

राहता राहिली शिडी. ती अजून कोर्टाच्या ताब्यात होती. अपिलाची मुदत उलटली, कंपनीने अपील केलं नाही, तेव्हा काकू आणि दीर मिळून वकीलबाईंकडे गेले. खुर्च्यांवरच्या फायली तशाच होत्या, म्हणून दोघंही उभे राहिले.

"शिडी परत मिळावी असा अर्ज लिहा," काकू म्हणाल्या.

"कारण काय लिहू?"

"जुनी झालीय. कापायची."

"घरात वापरायची," दीर म्हणाले. "आणि वहिनी, करवतीजवळ जरी नेलीत तरी मी दावा लावीन. आता मला कसा लावतात ते कळलंय."

"रबरं कुणी बदलली हो हिची?"

"मी. का?"

"नीट बसवलीत," काकू म्हणाल्या. बराच वेळ विचार केल्यासारखं करून मग त्या वकीलबाईंकडे वळल्या. "लिहा, घरात वापरायची. कोणाच्या, ते आम्ही बघून घेऊ."

अर्ज मंजूर झाला. मंजुरीचा कागद घेऊन दोघं कोर्टाच्या मागच्या अंगाला, जुन्या फायली ठेवतात त्या खोलीत गेले. खोली छतापर्यंत फायलींनी भरलेली होती. सगळ्यात वरच्या कप्प्याशी कारकून उभा होता, दोन्ही हात मोकळे म्हणून दोन्ही हातांत फायली, आणि गुडघे पट्टीला छान टेकलेले. निशाणीचं लेबल त्याच्या पँटीला घासून अर्धं निघालं होतं.

"आमची शिडी न्यायला आलोय," काकूंनी कागद वर केला.

कारकुनाने खाली बघितलं. "कसली शिडी?"

दिरांचे कान लाल झाले.

"दाव्यातली. ऑर्डर आहे."

"ती होय," कारकून एक फाईल आत सरकवत म्हणाला. "ती परत केली असेल बघा."

दीर काही बोलणार होते. काकूंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला, भिंतीशी असलेल्या बाकावरची धूळ झटकली आणि ऐसपैस बसल्या. शेजारी थोपटून त्यांनी दिरांना जागा दाखवली.

"बसा, भावोजी. कधीतरी उतरेलच." मग मान वर करून त्यांनी कारकुनाला सांगितलं, "तुमचं म्हणणं आम्ही नाकारतो."